बर्व्यांनी काढलेली खारशेतची तसबीर

भिकाजीपंत बर्व्यांच्या तोंडाला एक खोड होती. समोर साहेब दिसला की ते आपोआप "होय साहेब" म्हणत असे. ठाण्याच्या कचेरीत बावीस वर्षं दुय्यम कारकुनी केलेल्या तोंडाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? एकदा साहेबाने भलतेच बर्वे मनात धरून "तुमचे वडील वारले ना?" असं विचारलं, तेव्हाही पंत होय म्हणून बसले. घरी ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या वडिलांना आता कसं तोंड दाखवावं, या विवंचनेत त्यांचे दोन दिवस गेले. रजा मात्र दहा दिवसांची मिळाली.

तेव्हा शके अठराशेच्या माघाच्या आरंभी साहेबाने कोपऱ्यातल्या एका तिपायी पेटीकडे बोट दाखवून "बर्वे, तुम्हाला हे यंत्र चालवता येतं ना?" असं विचारलं, त्यावर पंत काय म्हणाले ते वेगळं सांगायला नको. म्हणून झाल्यावर त्यांनी पेटीकडे पाहिलं. ती तसबिरी काढायची पेटी होती. पंतांना वाटलं होतं, जमीन मोजायची काही नवी कळ असेल. अर्थात तीही त्यांना येत नव्हतीच.

यंत्र साहेबाने विलायतेहून आणलं होतं. त्यावर त्याने आपल्या घोड्याच्या दोन तसबिरी काढल्या होत्या आणि दोन्हींत घोडा मुंडक्यावाचून आला होता. आता वरून हुकूम आला होता की जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या इमारतींची माहिती गोळा करा, आणि साधेल तिथे तसबीरही जोडा. माहितीसाठी पाच रकान्यांचा तक्ता होता: इमारतीचं नाव, बांधल्याचं वर्ष, बांधणारा, सध्याचा उपयोग, आणि वहिवाट कोणाची. तक्त्याखालच्या सूचनेचं मराठी खुद्द पंतांनीच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात केलं होतं: 'ज्या इमारतीचे शेवटचे दोन रकाने कोरे राहतील ती बेवारस समजून तिचे दगड नव्या सडकेच्या कामी द्यावेत.' 'कामी'मधली वेलांटी साधली म्हणून ते खूश झाले होते. दगडांचा विचार त्यांनी केला नव्हता.

पंतांच्या वाट्याला खाडीकाठच्या खारशेतची एक पडकी इमारत आली. फाल्गुन लागताच साहेब दौऱ्यावर निघणार होता, त्याआधी तक्ता आणि तसबीर मेजावर हवी होती. शेजारच्या मेजावर बसून चिटणीस हे सगळं ऐकत होते. चिटणीस म्हणजे कचेरीतले वरिष्ठ, आणि पंतांच्या सगळ्या फजित्यांचे नित्याचे साक्षीदार. त्यांनी चाकूने बोरू तासला आणि बोरूकडे पाहून हसले. तसबीर आली नाही तर बर्व्यांच्या होयला कवडीची किंमत नाही हे साऱ्या कचेरीला कळणार होतं, आणि होय म्हणण्यावाचून दुसरी विद्या तर पंतांच्या गाठी नव्हती.

त्यांनी गिरगावातल्या एका छबीवाल्याकडे लागोपाठ दोन रविवार काढले आणि विद्या शिकून घेतली. विद्या अशी: काचेवर एक चिकट औषध ओतायचं, अंधाऱ्या तंबूत ती काच रुप्याच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच यंत्रात घालायची, यंत्राच्या भिंगावरचं टोपण काढून वीस अंक मोजायचे, टोपण लावायचं, आणि काच घेऊन पुन्हा तंबूत धावायचं. काच वाळली की खेळ खलास. वीस अंक होईपर्यंत समोरच्याने पापणीसुद्धा हलवायची नाही. रुप्याचं पाणी दिसायला विहिरीच्या पाण्यासारखं असतं. मात्र ते जिथे लागेल तिथली कातडी दुसऱ्या दिवशी कोळशासारखी होते आणि आठवडाभर तशीच राहते, हे छबीवाल्याने दुसऱ्या रविवारी, म्हणजे पंतांची दहाही बोटं काळी झाल्यावर सांगितलं.

आळीत ही बोटं पहिल्यांदा दिसली ती नाझरकाकांना. काका कोर्टातून नाझर म्हणून पेन्शनीत निघाले होते, आणि तेव्हापासून आळीवर जप्ती आणल्यासारखे प्रत्येकाच्या घरात डोकावत. त्यांनी बोटं पाहिली, मग पंतांच्या मिशा पाहिल्या, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी बर्व्यांनी मिशांना कलप सुरू केला असा निकाल दिला. संध्याकाळपर्यंत तळ्याकाठच्या प्रत्येक ओटीवर तो वाचून झाला. वर त्यांनी आपुलकीने आवळा आणि माका लोखंडी कढईत उकळायचा तोडगा सांगितला. मिशा मूळच्याच काळ्या आहेत असं पंतांनी शपथेवर सांगितलं. त्यावर काका म्हणाले की कलप लावणारा प्रत्येक जण हेच सांगतो.

घरी सुमतीबाईंनी मिशांचा मुद्दा काढला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, की ह्या हातांनी देवांना गंध लावणार काय. त्या दिवसापासून पूजा वडिलांकडे गेली. काचेवरच्या चिकट औषधाला दारूच्या पिंपासारखा वास येत असे, आणि तो पंतांच्या अंगरख्यात मुरला होता. सुमतीबाईंनी तो अंगरखा काठीने उचलून वेगळ्या खुंटीला टांगला. त्याही बाबतीत त्या काही बोलल्या नाहीत. पंतांना बायकोच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याचं भय जास्त होतं.

पौर्णिमेच्या सुमाराला, भरतीचं पाणी धरून, पंत ठाण्याच्या बंदरातून खारशेतला निघाले. बरोबर यंत्र, तंबू, बाटल्यांची पेटी आणि हे सगळं वाहायला कचेरीतला दगडू पट्टेवाला. होडी होती खारशेतच्याच डॉमनिकची. खारशेत अर्धं आगरी, अर्धं किरिस्तांव. आगरी मिठागरात राबत, किरिस्तांव भात पिकवत आणि होड्या चालवत. आगऱ्यांच्या वतीने बोले तो मिठागराचा मुकादम परशुराम आणि किरिस्तांवांच्या वतीने डॉमनिक. दोघांचं पटत नसे, पण ते एकमेकांवाचून राहतही नसत.

इमारत म्हणजे खाडीच्या तोंडाशी, एका उंचवट्यावर, दगडी चार भिंतींची एक खोली. भिंती हातभर जाड. छपरावर एक मनोरा असावा, तो ढासळून त्याचा कोनाड्याएवढा भाग उरला होता. दारात सगुणा नावाची म्हातारी आगरीण पाय पसरून कापूस साफ करत बसली होती आणि तिच्याजवळ फेलिशिया नावाची तितकीच म्हातारी किरिस्तांवीण. पंतांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्या झाल्या नाहीत.

इतिहास कसा शोधायचा, याविषयी पंतांची कल्पना स्वच्छ होती. कचेरीत कुठलीही गोष्ट शोधायची ती पंचनाम्याने. चोरी झाली तरी पंचनामा, गुरं वाहून गेली तरी पंचनामा, मग इतिहासाने काय घोडं मारलंय? त्यांनी परशुराम आणि डॉमनिक धरून गावातले पाच भारदस्त बाप्ये निवडले, टाक शाईत बुडवला आणि परशुरामाला विचारलं, "ही इमारत कोणाची?"

परशुराम म्हणाला, "कंची इमारत?"

"ही. जिला तुम्ही टेकलाय ती."

परशुराम भिंतीपासून अलगद दूर झाला. "मना ठाव नाय," तो म्हणाला. "मी आताच टेकलो."

डॉमनिकने सांगितलं की तो होडीवाला माणूस, त्याचं ध्यान सदा पाण्याकडे, जमिनीवर काय आहे ते त्याला विचारू नये. उरलेले तिघे तर गावातच नवे निघाले. त्यातला सर्वांत नवा सत्तर वर्षांचा होता. ह्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. कचेरीचा माणूस एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून 'ही कोणाची' म्हणतो तेव्हा 'माझी' म्हणणाऱ्याच्या दारात महिन्याभरात मोजणीची साखळी येते, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दुपारपर्यंत पंचनामा पुरा झाला. पाचही पंचांनी अंगठे उठवून लिहून दिलं की सदर इमारत त्यांनी आज सकाळी प्रथमच पाहिली.

दारातल्या दोघी म्हाताऱ्या हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. त्यांना काही विचारायचं पंतांच्या डोक्यात आलं नाही. बायकांना पंच नेमायची चाल नव्हती.

इतिहास नाही तर नाही, निदान तसबीर तरी घ्यावी म्हणून पंत तंबूत शिरले, आणि रुप्याचं पाणी त्यांना ताकासारखं पांढरंफेक दिसलं. बाहेर दगडू प्रसन्न उभा होता. उन्हाने पाणी थोडं आटलेलं त्याला दिसलं, तेव्हा साहेबाचं नुकसान नको म्हणून त्याने गावच्या विहिरीतला एक तांब्या त्यात भरीला घातला होता. खारशेतच्या विहिरी म्हणजे निम्मी खाडीच, आणि रुप्याच्या पाण्याचं न् मिठाचं हाडवैर. हे पंतांना छबीवाल्याने सांगितलं होतं आणि पंतांनी दगडूला सांगितलं नव्हतं. त्यामुळे रागवायचं कोणावर, हेही त्यांना ठरवता येईना. त्यांनी ते महागडं ताक खाडीत ओतलं.

परतीच्या वाटेवर मन मोकळं करायला दगडू बरा नव्हता, म्हणून पंतांनी डॉमनिकपाशी केलं. इमारत कोणाचीच नाही आणि तिचा कसला उपयोगही नाही, असं तक्त्यात लिहावं लागणार, आणि मग तिचे दगड सडकेला जाणार. डॉमनिकने वल्हं मारायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "आखी?" त्याने विचारलं. पंत म्हणाले, आखी. पंतांना बंदरात उतरवताच डॉमनिकने होडी तशीच खारशेतकडे वळवली.

आता पुन्हा रुप्याचं पाणी करायचं तर शुद्ध पाणी हवं, आणि यंत्राबरोबरच्या इंग्रजी पुस्तकात शुद्ध म्हणजे भबक्यातून काढलेलं, असं छापलं होतं. नाझरकाकांच्या मते जगात शुद्ध पाणी एकच, गंगेचं. सुमतीबाईंकडे सासूबाईंनी काशीहून आणलेला गडू होता, आणि तो वडिलांच्या अंतकाळासाठी राखला होता. पंतांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ओटीवरून वडील म्हणाले, "साहेबाच्या लेखी मी मेलोच आहे. आता निदान पाणी तरी राहू दे." पंतांनी नजर काढून घेतली. शेवटी बाजारातले वैद्य कामाला आले. त्यांच्याकडे अर्क काढायचं भबकं होतं. त्यांनी दोन दिवस ते पंतांच्या पाण्यासाठी चालवलं आणि दोन बाटल्या भरून दिल्या.

भरदुपारी, दोन बगलांत दोन बाटल्या, अंगरख्याला पिंपाचा वास आणि काळी बोटं, अशा थाटात पंत आळीत शिरले. नाझरकाका ओटीवर होतेच. त्यांनी काही विचारलं नाही. पेन्शनीत गेलेल्या माणसाला पुरावा गोळा करायला वेळ लागतो, निकालाला लागत नाही. घटकाभरात ते आळीतले आणखी चार वडीलधारे घेऊन बर्व्यांच्या ओटीवर आले, आणि व्यसनाने बुडालेल्या घराण्यांची यादी त्यांनी पेशवाईपासून वाचायला घेतली. मिशांचा कलप ही पहिली पायरी होती, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं म्हणे.

पंत खाली मान घालून बसले होते. बावीस वर्षांच्या सवयीने त्यांचं तोंड होय म्हणायच्या बेतात आलं होतं. तेवढ्यात सुमतीबाई माजघरातून आल्या. त्यांनी पंतांसमोरची बाटली उचलली, फुलपात्रात ओतली आणि सगळ्यांच्या देखत घोटभर प्यायल्या.

"पाणी आहे," त्या सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या. "अळणी आहे. पाहुण्यांना देऊ का थोडं?"

पाहुण्यांना तहान नव्हती. ते गेल्यावर सुमतीबाई पंतांना एवढंच म्हणाल्या, "अहो, ती तसबीर आता काढूनच या." पंतांना भरून आलं. मेजावर तसबीर ठेवायचीच, असं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून ठरवलं. आतापर्यंत ते चिटणिसांच्या हसण्याला भीत होते.

वद्य दशमीला ते पुन्हा खारशेतला पोचले, तर बंदरावर सगळं गाव हजर. पहिल्या खेपेला जी इमारत कोणी पाहिली नव्हती तिचा आता प्रत्येक जण मालक होता. परशुरामाने लग्नातला कोट घातला होता. तो पोटावर मिटत नव्हता, म्हणून बटणांच्या जागी सुतळी बांधली होती. डॉमनिक काळ्या कोटात, हातात मिटलेली छत्री. परशुराम म्हणाला, हे त्याच्या कुळीच्या देवीचं देऊळ. डॉमनिक म्हणाला, हे त्याच्या पूर्वजांचं प्रार्थनेचं घर. पुरावा दोघांचाही एकच, तो वरचा कोनाडा. आतला दगड काजळीने काळाकुट्ट झाला होता. परशुरामाच्या मते ती देवीच्या धुपाची काजळी होती आणि डॉमनिकच्या मते मेणबत्त्यांची.

पंतांनी वर्षाचा रकाना काढला. डॉमनिक म्हणाला, फिरंग्यांच्या वक्ताचं. परशुराम म्हणाला, त्याच्या आदीचं. किती आदीचं, असं विचारल्यावर परशुरामाने सावधपणे सांगितलं, "तो सांगंल त्याच्या शंबर वर्सं आदी." पंचांपैकी जे तिघे गावात नवे होते, त्यांना आपापल्या पणज्यांनी भिंती बांधलेल्या आठवू लागल्या. पंतांनी सगळं उतरून घेतलं. लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं की मागच्या पंचनाम्यावर ह्याच लोकांचे अंगठे आहेत, आणि दोन्ही कागद एकाच तक्त्याला जोडले तर चिटणिसांना वर्षभर दुसरी करमणूक लागणार नाही. दोन्हींतला एकही खरा धरता येत नव्हता. रकाने कोरेच राहिले.

आता सगळी भिस्त तसबिरीवर. पंतांनी तीन काचा आणल्या होत्या. एक होडीत फुटली. दुसरीवर दगडू बसला. तिसरी घेऊन पंत तंबूत शिरले, तिला औषध चढवलं, रुप्याच्या पाण्यात बुडवलं, आणि पाणी स्वच्छ राहिलेलं पाहून वैद्यांना मनोमन हात जोडले. बाहेर येऊन पाहतात तो इमारतीपुढे पन्नास माणसं. ज्याच्यामागे इमारत दिसेल त्याच्या नावे ती चढेल, अशी समजूत झाली होती. ती कोणी करून दिली ते कळलं नाही. दारात सगुणा आणि फेलिशिया होत्या त्याच जागी बसल्या होत्या. आज त्या कापसाच्या वाती वळत होत्या. त्यांना उठवायला वेळ नव्हता, काच वाळत होती.

"वीस मोजेपर्यंत कोणी हलायचं नाही," पंतांनी ओरडून सांगितलं आणि टोपण काढलं. दगडूला त्यांनी मोजायला लावलं होतं. त्याने खड्या आवाजात एक म्हटलं.

तीनला डॉमनिकने छत्री उघडली. ऊन कोणाला लागत नव्हतं, पण परशुरामाच्या पागोट्याचा शेंडा त्याच्यापेक्षा उंच दिसत होता. पाचला परशुरामाने छत्री खाली ओढली आणि त्याची सुतळी तुटली. आठला मागची रांग पुढे आली आणि पुढची मागे रेटू लागली. पंत आधी जागेवरूनच हात जोडत होते. मग त्यांना राहवेना. बावीस वर्षं सांभाळलेली प्रतिष्ठा, सुमतीबाईंचा तो घोट, चिटणिसांचा बोरू, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि ते धोतराचा सोगा धरून त्या गर्दीत घुसले. ह्याच्या दंडाला धर, त्याला खाली बसव, असं करत ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहिले. टोपण त्यांच्या हातातच होतं. वीस झाले तरी टोपण लावायला कोणी येईना, तेव्हा दगडू हुकमाच्या माणसाप्रमाणे पुढे मोजत गेला. त्र्याहत्तरला पंतांना आठवण झाली.

तंबूत त्यांनी काच जपून धुतली. ती शेवटची काच होती, आणि ओहोटी लागत आली होती. हळूहळू चित्र उमटलं. मग पंत बाहेर आले आणि काचेवरचं चित्र दिसायला मागे काळं काहीतरी हवं म्हणून त्यांनी ती काच डॉमनिकच्या कोटापुढे धरली. सगळं गाव तिच्यावर वाकलं.

इमारत लख्ख आली होती. दगडान् दगड मोजून घ्यावा इतकी. दारात सगुणा आणि फेलिशिया, बोटांच्या चिमटीतल्या वातींसकट, जिवंत बसल्या होत्या. पन्नास माणसांच्या जागी मात्र एक पांढुरकं धुकं होतं. माणसं एवढी हलली होती की काचेने त्यांची दखलच घेतली नव्हती.

"मी कुठं हाय?" परशुरामाने विचारलं. पंतांनी धुक्यावर बोट ठेवलं. डॉमनिक समाधानाने हसला. मग त्यानेही आपली जागा विचारली. पंतांनी बोट उचललं नाही.

पंत जाऊन दाराशीच, म्हाताऱ्यांच्या पायरीवर बसले. तक्ता कोरा, तसबिरीत धुकं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं की पन्नास माणसं नाचत असताना तुम्ही दोघी एवढ्या स्थिर कशा राहिलात.

"वाती वळत व्हतो," सगुणा म्हणाली. "वाती वळताना हाललं का मोडतान."

"कसल्या वाती?"

सगुणेने वरच्या कोनाड्याकडे हनुवटी केली. "त्या दिव्याच्या. काळोख्या पंदरवड्यात लावतो आमी. होड्यांना खाडीचं तोंड कलाया नको?"

पंतांनी वर पाहिलं. त्या काजळीवर आज सकाळीच त्यांनी दोन पानं लिहिली होती. "कोणी सांगितलंय लावायला?" त्यांनी विचारलं.

"सासूनी. तिला तिच्या सासूनी."

"आनि तेल माज्या घरचं," फेलिशिया म्हणाली. "माजे सासूच्या सासूपासून. वात हिची, तेल माजं. नायतर हिनी कवाच देवीचा दिवा करून टाकला असता."

सगुणा म्हणाली, "आनि हिनी मेनबत्ती."

पंतांनी डॉमनिककडे पाहिलं. ह्याच माणसाची होडी वर्षानुवर्षं काळोखात ह्या खाडीत शिरत होती. ह्या दिव्याबद्दल तू का बोलला नाहीस, असं त्यांनी विचारलं.

डॉमनिक विचारात पडला. "तो दिवा व्हय?" तो म्हणाला. "तो तं असतोच."

भिकाजीपंतांना लाज वाटली. दोन खेपा त्यांनी ह्या पायरीपाशी घालवल्या, पाच पंच नेमले, आणि ज्यांना विचारायचं त्यांनाच दारातून उठा म्हणाले. त्यांनी टाक काढला. कोणी बांधली ते सगुणेला माहीत नव्हतं, वर्ष फेलिशियाला माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हे दोघींनी चटकन सांगितलं, म्हणून पंतांचा त्यांच्यावर विश्वास बसला. ते तीन रकाने त्यांनी मोकळे सोडले. शेवटच्या दोनांवर मात्र त्यांनी आपलं उत्तमातलं उत्तम अक्षर खर्च केलं. परतताना तिन्हीसांज झाली. वळणावर त्यांनी मागे पाहिलं, तर उंचवट्यावर दिवा लागला होता. डॉमनिकने मान वळवली नाही. त्याला तो असतोच.

माघ संपायच्या आदल्या दिवशी पंतांनी तक्ता आणि तसबीर साहेबाच्या मेजावर ठेवली. चिटणीस बोरू आणि चाकू घेऊन तयारच होते. साहेबाने काच खिडकीशी नेली, काळ्या टोपीवर धरली, आणि भिंतीच्या दगडांवरून डोळे फिरवले. मुंडकं नसलेले दोन घोडे काढलेला माणूस होता तो, त्याला ती भिंत कशी साधली आहे ते कळलं. मग त्याने विचारलं की ह्या दोघी कोण.

"वहिवाटदार, साहेब," पंत म्हणाले. "सध्याचा उपयोग: खाडीत येणाऱ्या होड्यांसाठी दिवा. वहिवाट: सगुणा आगरीण व फेलिशिया किरिस्तांवीण, सासूकडून सुनेकडे."

साहेबाने तक्ता वाचला आणि बेवारस इमारतींच्या यादीतलं खारशेत निळ्या पेन्सिलीने खोडलं. सडकेला दुसरीकडून दगड घ्यावेत, असं त्याने शेजारी लिहिलं. मग त्याने पुन्हा काच उचलली. पुढे हे धुकं कसलं पसरलं आहे, असं त्याने विचारलं.

"ते इतिहासाचे जाणकार, साहेब."

"सगळे?"

"होय साहेब. त्यात मीही आहे."

साहेब हसला, आणि मोठ्याने हसला. कल्याणच्या बाजूला अशीच आणखी एक इमारत आहे, तिचीही तसबीर व्हायला हवी, असं तो म्हणाला. पंतांचं तोंड होय म्हणायला उघडलंही. पण साहेबाची नजर त्यांच्यावरून पुढे गेली. "चिटणीस, तुम्हालाही हे यंत्र चालवता येईल, नाही का?"

"होय साहेब," चिटणीस म्हणाले.

भिकाजीपंतांनी आपली काळी बोटं पाहिली. मग बोरू धरलेली चिटणिसांची गोरी, नितळ बोटं पाहिली. आणि बावीस वर्षांत प्रथमच त्यांना चिटणिसांची मनापासून दया आली.